कोल्हापूर ते दिल्ली, सोबत .२२ रायफल: रेल्वेतले नियम आणि प्रत्यक्षातली काळजी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी २३ वर्षांची, ५० मीटर रायफल खेळते. .२२ ची रायफल तिच्याच परवान्यावर आहे. कोल्हापूरहून दिल्लीला डॉ. कर्णीसिंग रेंजवर स्पर्धेसाठी रेल्वेने जायचं आहे, वडील सोबत आहेत आणि सामानात १० मीटरची एअर रायफलही आहे. रेल्वेची वेगळी परवानगी लागते का? स्टेशनवरच्या स्कॅनरपाशी काय करायचं? मुलगी आधी गेली तर वडिलांनी रायफल मागून आणली तर चालेल का?

रायफल रेल्वेने नेता येते. मात्र "परवाना आहे ना, मग झालं" एवढ्यावर निघू नका. शस्त्र परवाना तीन गोष्टी एकत्र बांधतो: कोणाचं हत्यार, कोणतं हत्यार आणि कुठल्या हद्दीत. घरी या तिन्ही आपोआप जुळलेल्या असतात. प्रवासात माणूस एका बर्थवर, रायफल दुसऱ्या बर्थखाली आणि गाडी तिसऱ्याच राज्यात असते. अडचणी येतात त्या इथूनच.

आधी हद्द पाहा. परवाना पुस्तिकेवर तो कुठे वैध आहे ते लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य, काही राज्यं किंवा संपूर्ण भारत. कोल्हापूर–हजरत निजामुद्दीन गाडी दौंड, मनमाड, भुसावळ करत बुऱ्हाणपूरला मध्य प्रदेशात शिरते. पुढे झाशीला उत्तर प्रदेश, ग्वाल्हेरला पुन्हा मध्य प्रदेश, धौलपूरला राजस्थान, आग्र्याला परत उत्तर प्रदेश, मग हरियाणा आणि शेवटी दिल्ली. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल, तर बुऱ्हाणपूरपासून पुढे तुम्ही हद्दीबाहेर आहात, भले रायफल बॅगेत बंद असो आणि गाडीतून खाली पायही ठेवला नसो. अटीचा भंग म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३०: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा लहान वाटली तरी रायफल जप्त होऊन मुद्देमाल म्हणून जमा होते आणि स्पर्धा हातची जाते. म्हणून तिकीट काढण्याआधी पुस्तिका उघडा. "संपूर्ण भारत" लिहिलेलं नसेल, तर स्पर्धेचं परिपत्रक आणि संघटनेचं पत्र जोडून हद्द वाढवून मिळण्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत करा. पोलीस आयुक्तालयाच्या शहरात राहत असाल तर आयुक्तांकडे. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे स्पर्धेच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग होत नाही.

त्याच वेळी मुदतीची तारीखही पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, पण तुमच्या पुस्तिकेवर जी तारीख आहे तीच खरी. मुदत उलटली असेल तर प्रकरण अटभंगाचं राहत नाही, विनापरवाना हत्यार बाळगल्याचं होतं. त्यासाठी कलम २५ लागतं आणि दुरुस्तीनंतर त्यात किमान दोन ते कमाल पाच वर्षं कैद आहे.

आता वडिलांचा प्रश्न. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या परंतुकात, म्हणजे त्यातल्या अपवादात, सोय आहे: परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती हत्यार नेऊ शकते, पण दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठीच. मुलगी सोबत असेल तर वडिलांनी बॅग उचलण्यात काही गैर नाही. ती आधी गेली असेल तर तिच्या सहीचं पत्र हवं. त्यात परवाना क्रमांक, युनिक ओळख क्रमांक म्हणजे यूआयएन, रायफलचा मेक आणि नंबर, काडतुसांची संख्या, कुठून कुठे आणि कोणत्या तारखेला, शिवाय "माझ्या स्पर्धेतील वापरासाठी" हे शब्द असावेत. कायद्याने हे पुरेसं आहे. तरीही माझा सल्ला स्पष्ट आहे: शक्य असेल तिथे परवानाधारकानेच प्रवास करावा. मध्यरात्री भुसावळला तपासणी झाली आणि मूळ परवाना दिल्लीत मुलीकडे असेल, तर कलम ३ चं परंतुक फलाटावर समजावून सांगणं अवघड जातं. परवान्याची छायाप्रत मूळ परवान्याची जागा घेत नाही. वडिलांनाच आणावी लागली तर मूळ पुस्तिकाही रायफलसोबतच यायला हवी.

रेल्वेच्या बाजूने रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम ६७ लक्षात ठेवा. धोकादायक माल रेल्वेत न्यायचा तर रेल्वे कर्मचाऱ्याला लेखी सूचना द्यावी आणि पुडक्यावर बाहेरून स्पष्ट खूण करावी, असं ते सांगतं. ते मोडलं तर कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काडतुसात बारूद असते, त्यामुळे "हे आपल्याला लागू नाही" असं स्वतःच ठरवून टाकू नका. स्टेशन व्यवस्थापकांच्या नावे एक पानी पत्र तयार करा आणि त्याच्या प्रती रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीला आणि लोहमार्ग पोलीस ठाण्याला द्या. पत्रात गाडी, तारीख, पीएनआर, डबा, बर्थ, परवान्याचा तपशील, रायफलचा नंबर आणि राऊंडची संख्या लिहा. एक-दोन दिवस आधी नेऊन द्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या आणि काडतुसांचं प्रमाण व बांधणी याबद्दल काही अट असेल तर तिथेच विचारून घ्या. पोचेचा शिक्का असलेला हा कागद प्रवासभर सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो, कारण तुम्ही काही लपवलेलं नाही हे त्यावरून पहिल्याच नजरेत कळतं.

कागदांची फाइल वेगळी आणि अंगावरच्या पिशवीत ठेवा: मूळ परवाना, आधार, स्पर्धेचं परिपत्रक आणि प्रवेशाची पावती, रायफल संघटनेचं पत्र, काडतूस खरेदीचं बिल, पोच घेतलेलं पत्र. घरीच एकदा रायफलवर कोरलेला नंबर आणि पुस्तिकेतला नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. हाताने भरलेल्या नोंदींत ८ चा ३ झालेला किंवा सुरुवातीचं अक्षर गळलेलं असू शकतं. वर्षानुवर्षं ते कोणाच्या लक्षात येत नाही आणि नेमकं तपासणीत येतं. तशी चूक दिसली तर प्रवासाआधी दुरुस्त करून घ्या. पेनने स्वतः मात्र काहीही करू नका.

पॅकिंगबद्दल २०१६ च्या शस्त्र नियमांचं म्हणणं असं: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये अंगाला लावलेलं हवं, बाकीची हत्यारं त्यासाठीच्या आवरणात हवीत, हत्यार पूर्ण झाकलेलं असावं आणि नेणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा. पुढच्या गोष्टी नेमबाजांच्या शिस्तीतल्या आहेत आणि तेवढ्याच महत्त्वाच्या. रायफलचा बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सुटा भाग) काढून घ्या आणि चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामं असल्याची खूण, घाला. रायफल कडक केसमध्ये, केसला दोन कुलपं. बोल्ट वेगळ्या छोट्या पाउचमध्ये, परवानाधारकाच्या अंगावरच्या पिशवीत. काडतुसं कंपनीच्या मूळ ५० च्या डब्यांतच ठेवून कुलपाच्या वेगळ्या पेटीत. सुटी काडतुसं मोज्यात, पाउचमध्ये किंवा पाण्याच्या बाटलीच्या कप्प्यात कधीही नकोत. संख्येची वरची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते, पण मर्यादेइतकी नेलीच पाहिजेत असं नाही. तीन पोझिशनचा (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) सामना ६० शॉट्सचा. साइटिंग (नेम जुळवण्याचे शॉट्स) आणि आदल्या दिवशीचा सराव धरून दोनशे ते अडीचशे राऊंड भरपूर होतात. नेमके किती डबे घेतले ते पत्रात लिहा आणि मग त्यात फरक करू नका.

केसच्या लांबीची अडचण आधीच सोडवा. रेल्वेच्या नियमानुसार डब्यात सोबत नेण्याच्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंत, आणि थर्ड एसी व चेअर कारला ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर. रायफलची पूर्ण केस सव्वा मीटरच्या आसपास जाते. मोठं सामान ब्रेकव्हॅनला बुक करा असं कोणी सांगेल, पण रायफलसाठी ते करू नका. ब्रेकव्हॅनमध्ये तुमचा ताबा संपतो आणि नियमातली मुख्य अट तिथेच मोडते. ज्या रायफलचा दस्ता सुटा करता येतो तिची नळी-रिसीव्हर एका केसमध्ये आणि दस्ता दुसऱ्या पिशवीत न्या, म्हणजे एक मीटरच्या आत बसतं. त्यासाठी ॲलन की आणि टॉर्क रेंच सोबत लागतो. दस्ता काढल्यावर झीरो, म्हणजे जुळवलेला नेम, हलतो, म्हणून स्पर्धेच्या किमान एक दिवस आधी पोहोचून सराव-शॉट्स घ्यावे लागतील. वजनाची मुभा सहसा आड येत नाही: स्लीपर आणि थर्ड एसीला ४० किलो, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. सूट, बूट, स्टँड, स्कोप धरून किट पंचवीस-तीस किलोचं होतं.

बर्थ निवडताना दोघांनाही एकाच कंपार्टमेंटमधले बर्थ, त्यातला एक लोअर हवा. केस लोअर बर्थखाली आतल्या बाजूला सरकवा आणि तिथल्या लोखंडी कड्यांना साखळी-कुलपाने बांधा. परवडत असेल तर फर्स्ट एसी उत्तम, तिथे केबिनला आतून कडी लागते. एकाने झोपायचं, एकाने जागायचं. एकटीने प्रवास करताना टॉयलेटला जायची वेळ आली तर बोल्ट आणि कागद अंगावर घेऊनच जावं. बोल्टशिवाय रायफल कोणी उचललीच तरी ती चालत नाही. केस हमालाच्या डोक्यावर देऊ नका, क्लोकरूममध्ये ठेवू नका, "पाच मिनिटं बघा हो" म्हणून सहप्रवाशाच्या भरवशावर टाकू नका. केसमध्ये काय आहे याची चर्चा डब्यात नको आणि केस उघडून दाखवणं तर नकोच.

स्टेशनवर गाडीच्या तासभर आधी पोहोचा. सामान स्कॅनरच्या पट्ट्यावर टाकण्याआधी तिथल्या जवानाला हळू आवाजात सांगा: "परवान्याची स्पोर्ट रायफल आणि काडतुसं आहेत, हे कागद." हा क्रम फार महत्त्वाचा आहे. स्कॅनरच्या पडद्यावर कपडे, अन्न नारिंगी दिसतं आणि धातू निळा. जाड धातू जवळजवळ काळा. पन्नास काडतुसांचा डबा म्हणजे पाच बाय दहाच्या ओळींत गच्च काळे ठिपके, आणि त्याच्या शेजारी लांब सरळ नळी. हे चित्र आधी दिसलं आणि तुमचे शब्द नंतर आले, तर जवान तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसएमटीवर बॅगांतून आलेल्या रायफलींनी पन्नासहून जास्त माणसं मारली. त्या स्टेशनात शिरलेल्यांच्या हातात काय आहे हे कोणी वेळेत पाहू शकलं नव्हतं. आजची तपासणी त्या रात्रीच्या अनुभवावर उभी आहे, तिला मनापासून सहकार्य करा. केस उघडायला सांगितलं तर चौकीच्या खोलीत उघडण्याची विनंती करा, गर्दीत नको. कुलूप तुम्ही काढा, झाकण उघडा आणि हात मागे घ्या. नंबर त्यांना वाचू द्या.

तपासणी करणाऱ्यांचे अधिकार वेगवेगळे आहेत. परवाना दाखवायला सांगण्याचा अधिकार शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ ने पोलीस अधिकाऱ्याला आणि केंद्राने खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे. कलम २३ खाली पोलीस गाडी थांबवून हत्यारांसाठी झडती घेऊ शकतात. टीसी पोलीस नाही, पण कलम ३६ नुसार संशयास्पद पेटीची खबर जवळच्या पोलीस ठाण्याला देणं हे रेल्वेवर काम करणाऱ्या प्रत्येकाचं कर्तव्य आहे. कलम २० तर त्याहून पुढे जातं: हत्यार बेकायदा कामासाठी वापरलं जाईल असा रास्त संशय येईल अशा रीतीने कोणी ते नेत असेल, तर परवाना असो वा नसो, रेल्वे कर्मचारीसुद्धा वॉरंटशिवाय अटक करून हत्यार जप्त करू शकतो. म्हणून टीसीने विचारलं तर "तुम्हाला अधिकार काय" असा वाद घालण्यापेक्षा कागद दाखवा आणि गाडीतल्या एस्कॉर्टला, म्हणजे गस्तीवरच्या जवानांना, बोलवायची विनंती करा. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, लोहमार्ग पोलीस राज्याचे. शस्त्र कायद्याचा गुन्हा नोंदतात ते लोहमार्ग पोलीस. अनेक टीसींना हा खेळ चांगला ठाऊक असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे हा कांबळवाडीचा, म्हणजे आपल्या राधानगरी तालुक्यातला मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसच होता.

तारखांकडेही लक्ष द्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, आंदोलनांच्या काळात हत्यारं बाळगण्यास मनाईचे आदेश निघतात. ते साधारण पंधरा दिवसांचे असतात आणि परवान्याच्या हत्यारालाही अडवू शकतात. आदेशात कोणाला सूट आहे ते शब्दशः वाचा. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. नोंदणीकृत नेमबाजांना स्पर्धेसाठी सूट मिळते, पण तसा लेखी कागद खिशात हवा. परवान्याच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शैक्षणिक संस्थेचं आवार इथे हत्यार न्यायला मनाई असते. आषाढीला वारकऱ्यांनी भरलेल्या गाडीतून रायफल नेण्याचा हट्ट धरू नका, दुसरी तारीख घ्या.

एअर रायफलचं सोपं आहे. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरपर्यंत आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची १० मीटर रायफल साधारण साडेसात जूलची असते. पण स्कॅनरवर तीही रायफलच दिसते, म्हणून बिल, मॉडेलचा तपशील आणि संघटनेचं पत्र सोबत ठेवा आणि तिचाही उल्लेख त्याच एक पानी पत्रात करा. रायफलला लागणारी छोटी हवेची नळी काढून, रिकामी करून न्या. ती भरायची मोठी टाकी मात्र घरीच ठेवा. गॅस सिलिंडर, रिकामासुद्धा, रेल्वेच्या निषिद्ध यादीत आहे आणि तुमच्या टाकीत निव्वळ हवा आहे हे बाहेरून कोणाला कळत नाही. रेंजवर हवा भरून मिळते.

कोल्हापूरचाच विषय आहे म्हणून एक जोड. मर्दानी खेळाची पथकं तलवारी, भाले घेऊन रेल्वेने कार्यक्रमांना जातात. शस्त्र कायद्यात तलवार, कट्यार, भाला हीही हत्यारंच आहेत, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुराही, तो घरगुती, शेतीच्या वा धंद्याच्या कामाचा नसेल तर. पाती म्यानात, म्यानं एकत्र बांधून कापडात, आयोजकांचं निमंत्रण आणि हत्यारांची यादी सोबत आणि लोहमार्ग पोलिसांना आगाऊ पत्र, ही किमान तयारी त्यांनीही करावी.

प्रवासात रायफल किंवा काडतुसं चोरीला गेली तर घरी पोहोचायची वाट पाहू नका. तिथल्या तिथे १३९ वर कळवा, एस्कॉर्ट किंवा टीसीला गाठा आणि पुढच्या स्टेशनावरच्या लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार नोंदवा. चोरी कोणत्या हद्दीत झाली हे माहीत नसलं तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठलंही ठाणं ती घेऊ शकतं. त्यानंतर परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा. रायफलचा नंबर पाठ असू द्या, कारण बॅगच गेली तर कागदही गेलेले असतील. गेलेलं हत्यार पुढे कोणाच्या हाती सापडलं तर तुमची तक्रार कधीची आहे, हा पहिला प्रश्न येतो.

निजामुद्दीनला उतरल्यावर शेजारीच मेट्रो दिसेल. तिकडे वळू नका. बंदुका आणि काडतुसं मेट्रोच्या निषिद्ध वस्तूंत येतात, मुंबई-पुण्याच्या मेट्रोतही तसंच गृहीत धरा. थेट टॅक्सीने तुघलकाबादची रेंज गाठा, हॉटेलच्या आधी. रायफल आणि काडतुसं तिथल्या शस्त्रागारात जमा करून पावती घ्या. दिल्लीत मुक्काम सलग तीस दिवसांहून जास्त होणार असेल आणि हत्यार सोबत असेल, तर तीस दिवसांच्या आत तिथल्या आणि कोल्हापूरच्या दोन्ही परवाना कार्यालयांना कळवावं लागतं.

परतीच्या वेळी पत्र नव्याने करा, कारण राऊंड कमी झालेले असतात आणि जुन्या पत्रातला आकडा आता जुळणार नाही. निघायच्या आदल्या रात्री सगळं किट चादरीवर रिकामं करा. शूटिंग जॅकेटचे खिसे, बुटांच्या आतली बाजू, स्कोपची पिशवी, ग्लोव्हची बोटं, सगळं उलटं करून झटका. .२२ चं काडतूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचं, तीन-साडेतीन ग्रॅमचं असतं, अस्तरात अडकलं तर हाताला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात ताबा जाणीवपूर्वक असायला हवा असं म्हटलं आहे आणि विसरलेल्या एखाद्या काडतुसाच्या प्रकरणात हा मुद्दा उपयोगी पडतो. पण तो कोर्टात पडतो, फलाटावर नाही, आणि तोवर गाडी सुटलेली असते. रिकामी केसिंगही (उडालेल्या काडतुसांची टरफलं) मुलीच्या कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या बॅगेत, जिच्यासोबत परवाना नसतो, राहणार नाहीत असं बघा. त्या रेंजवरच्या डब्यात टाकूनच निघा.